पुरवठादार निवडायला मिळाला, तर नागपूरकरांचे वीजबिल कमी होईल का?

प्रश्न : मानेवाडा_सचिव

विद्युत कायद्यातील दुरुस्तीचा जो मसुदा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचना-हरकतींसाठी खुला केला, त्यात एकाच भागात आणि एकाच तारांवरून एकापेक्षा जास्त वितरण कंपन्यांना वीज विकता यावी, अशी तरतूद सुचवलेली आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत यावर बरीच चर्चा झाली. मोबाइलच्या कंपन्या वाढल्या तसे दर कोसळले, विजेचेही तसेच होईल, असे बहुतेक सभासदांचे मत पडले. मला हे इतके सरळ वाटत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही तिन्ही औष्णिक केंद्रे आपल्या जिल्ह्यात आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय आपल्या शहरात आहे, आणि राख व धूर आपण सोसतो. मग बाजार खुला झाल्यावर तरी विदर्भाला वीज स्वस्त मिळायला हवी की नको? दुसरे म्हणजे, २०११ ते २०१९ या काळात सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग या विभागांतील वितरण खाजगी फ्रँचायझीकडे होते. ती स्पर्धा होती का, आणि नसेल तर आता जे येऊ घातले आहे ते तिच्याहून वेगळे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त_भारप्रेषण

माझी नोकरीची बहुतेक वर्षे आधी राज्य वीज मंडळात आणि पुढे पारेषण कंपनीत, भार प्रेषणाच्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ राखण्याच्या कामात गेली, त्यामुळे मी तारांपासून सुरुवात करतो.

मोबाइलची तुलना जिथे तुटते ती जागा अशी आहे. दोन मोबाइल कंपन्यांची यंत्रणा वेगळी असते, आणि एकीचे जाळे कोलमडले तरी दुसरीचे चालू राहते. विजेच्या जाळ्यात सगळ्यांची वीज एकाच प्रवाहात मिसळते. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचातून निघालेले युनिट मानेवाड्यात पोहोचले की छत्तीसगडमधून आलेले, हे कोणालाही सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नसते. क्षणाक्षणाला जितकी मागणी तितकीच निर्मिती ठेवून वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची, हे काम कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात आणि आपल्या भागापुरते अंबाझरीत चालते, आणि ते स्पर्धेवर सोपवता येत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर भारताचे जाळे कोसळले तेव्हा कोणाचा ग्राहक कोणता, हा प्रश्नच उरला नव्हता.

म्हणून सुधारणेचा पहिला नियम जगभर एकच आहे: निर्मिती, वहन आणि विक्री ही तीन कामे वेगळी करावीत, ज्यात अनेक विक्रेते असू शकतात तिथे बाजार आणावा, आणि तारांचे काम मक्तेदारीचेच ठेवून त्यावर नियामकाचा धाक ठेवावा. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळे आली, महाराष्ट्राचे मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि ही तिन्ही कामे त्याच्याच छताखाली राहिली. १९९८ च्या कायद्याने दर ठरवणाऱ्या नियामक आयोगांची वाट मोकळी झाली, २००३ च्या विद्युत कायद्याने औष्णिक निर्मितीसाठी परवान्याची अट काढून टाकली आणि मुक्त प्रवेशाचे, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून आपली वीज नेता येण्याचे, तत्त्व आणले, आणि जून २००५ मध्ये आपल्या मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण असे विभाजन झाले. २००८ मध्ये देशातला पहिला वीजबाजार, म्हणजे इंडियन एनर्जी एक्स्चेंज, सुरू झाला.

या बाजारात उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागासाठी वेगळी बोली लागते. सर्वांत स्वस्त विक्रेत्यापासून सुरुवात करून मागणी भागेपर्यंत बोली स्वीकारत जातात, आणि शेवटच्या स्वीकारलेल्या बोलीचा भाव त्या भागातील सर्वांना मिळतो. दुपारी सौरऊर्जा भरभरून येते तेव्हा हा भाव अनेकदा युनिटला दोन-अडीच रुपयांच्याही खाली उतरतो, आणि सूर्य मावळल्यावर तोच भाव उन्हाळ्यात कमाल मर्यादेला टेकतो. मार्च २०२२ मध्ये भाव २० रुपयांपर्यंत चढला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने आधी १२ रुपयांची आणि एप्रिल २०२३ पासून १० रुपयांची मर्यादा घातली. एकाच दिवसातला हा फरक बहुतेक घरगुती ग्राहकांच्या बिलात अजून फारसा दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या सुधारणेचे सर्वांत मोठे अपूर्ण काम हेच आहे.

आता आपला पहिला प्रश्न. महाराष्ट्रात पारेषणाचा खर्च एकत्र करून वाटला जातो, त्यामुळे कोराडीच्या शेजारचा ग्राहक आणि कोल्हापूरचा ग्राहक तारांच्या त्या भागासाठी सारखाच भार उचलतो. एक्स्चेंजवर देशाचे १३ बोली-क्षेत्रांत विभाजन आहे, पण महाराष्ट्र आणि गुजरात एकाच क्षेत्रात येतात, आणि क्षेत्रांमधल्या वाहिन्यांवर कोंडी झाली तरच भाव वेगवेगळे पडतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याशी जोडले गेले, आणि पुढे वाहिन्या वाढत गेल्या तशी अशी कोंडी कमी होत गेली. म्हणजे बाजार जितका खुला आणि तारा जितक्या भक्कम, तितका विदर्भाचा भाव उर्वरित देशाच्या भावाजवळ जातो. विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना २०१६ पासून मिळत आलेली सवलत राज्याच्या तिजोरीतून येते. ती बाजाराने ठरवलेली किंमत नाही. राखेची आणि धुराची भरपाई मागणे पूर्णपणे रास्त आहे, मात्र ती प्रदूषणाच्या नियमांतून आणि निर्मिती कंपनीवर बसवलेल्या खर्चातून मागावी लागेल.

पुरवठादार बदलल्याने किती वाचेल याचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट पाहावी. वितरण कंपनीच्या एकूण खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश भाग वीजखरेदीचा असतो, आणि ती खरेदी मुख्यतः २५ वर्षांच्या दीर्घ करारांनी बांधलेली असते. त्या करारांत वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. उद्या नवा पुरवठादार आला आणि निम्मे ग्राहक त्याच्याकडे गेले, तर हे करार कोणाच्या माथी राहणार? जुन्या करारांतला वाटा ग्राहकाबरोबर नव्या कंपनीकडे गेला, तर तिचा खर्चही जुन्या कंपनीइतकाच राहील. आणि गेला नाही, तर मागे राहिलेल्यांचा दर वाढेल.

उत्तर : हिंगणा_लघुउद्योजक

निवृत्त साहेबांचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, परंतु त्यातून “स्पर्धेने फारसे काही होणार नाही” असा निष्कर्ष निघत असेल तर तो मला मान्य नाही. माझा हिंगणा एमआयडीसीत यंत्रभागांवर उष्णता-प्रक्रिया करणारा छोटा कारखाना आहे. आमच्या उत्पादन खर्चात कच्च्या मालाखालोखाल वीज येते, आणि आम्ही देत असलेल्या दरात आमच्या वीजपुरवठ्याच्या खर्चाशिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी सवलतीचा हिस्सा मिसळलेला असतो; यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. राष्ट्रीय दर धोरण म्हणते की कोणत्याही वर्गाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या २० टक्के वर-खाली एवढ्या मर्यादेत असावा. प्रत्यक्षात उद्योग आणि व्यापारी ग्राहक हीच वितरण कंपनीची दुभती गाय झाली आहे.

मुक्त प्रवेशाचा मार्ग कायद्याने २००३ मध्येच उघडला, पण बराच काळ तो एक मेगावॅट आणि त्याहून मोठ्या ग्राहकांपुरता होता. जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, तेव्हा आमच्यासारख्यांना प्रथमच दार किलकिले झाले. एका वीजव्यापारी कंपनीने आम्हाला सौरऊर्जेचा प्रस्ताव दिला, त्यातला युनिटचा दर पाहून आनंद झाला; मग त्यावर वहन आकार (वितरणाच्या तारा वापरण्याचे शुल्क), पारेषण आकार, क्रॉस सबसिडी अधिभार आणि वहनातला तोटा एकेक करून चढवत गेलो, तेव्हा उरलेली बचत करारातल्या जोखमीच्या मानाने किरकोळ निघाली. पुरवठादार निवडण्याचा हक्क कागदावर आहे आणि अधिभार तो हक्क वापरू देत नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून मसुद्यातली उद्योगांवरील क्रॉस सबसिडी ठरावीक मुदतीत संपवण्याची तरतूद मला दुसऱ्या पुरवठादाराच्या तरतुदीहून अधिक महत्त्वाची वाटते.

ज्याचा लाभ खरोखर झाला ते सांगतो. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे आणि मागणीच्या चढत्या तासांत तो वाढवण्याचे तत्त्व घालून दिले. आम्ही भट्टी तापवण्याचे काम रात्रपाळीतून काढून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत आणले. थंड भट्टी तापायलाच सर्वांत जास्त वीज लागते, एकदा तापमान गाठले की ते टिकवायला त्या मानाने कमी. त्यामुळे तापवण्याची वेळ सौर तासांत बसली की बिलावर लगेच परिणाम दिसतो. कामगारांचीही रात्रपाळी कमी झाली. इथे पुरवठादार तोच राहिला, फक्त किमतीने खरे बोलायला सुरुवात केली. बाजार म्हणजे मला हेच अपेक्षित आहे.

उत्तर : अर्थशास्त्र_अध्यापिका

दोन्ही उत्तरे वाचली. फ्रँचायझीचा प्रश्न कोणी घेतला नाही, तो आधी घेते.

नागपुरातील फ्रँचायझी ही स्पर्धा नव्हती. महावितरण घाऊक वीज बोलीत ठरलेल्या दराने फ्रँचायझीला देत असे, फ्रँचायझी ती वितरित करून बिलवसुली करत असे, आणि ग्राहकाचा दर मात्र राज्य आयोगाने ठरवलेलाच राहत असे. अशा व्यवस्थेत चढाओढ कंत्राट मिळवण्यापुरती होते आणि निविदा उघडली त्या दिवशी ती संपते. मे २०११ मध्ये काम सुरू झाले, पुढे कंपनीची मालकी बदलली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये हे तिन्ही विभाग महावितरणने परत आपल्याकडे घेतले. हीच पद्धत २००७ पासून भिवंडीत आहे आणि तिथे गळती पुष्कळ उतरली, म्हणजे दोष केवळ पद्धतीत होता असे म्हणता येत नाही. मूळ गळती किती होती, कंपनीची गुंतवणुकीची कुवत किती होती आणि बोली किती वास्तव होती, यावर सगळे ठरले. नव्या मसुद्यातली कल्पना वेगळी आहे: तिथे ग्राहकाला कंपनी बदलता येईल.

कंपनी बदलता आल्याने काय होते, याचा अनुभव ब्रिटनकडे सर्वांत मोठा आहे. तिथे १९८९ च्या कायद्याने उद्योगाचे विभाजन आणि खाजगीकरण झाले, १९९० मध्ये घाऊक बाजार सुरू झाला, आणि १९९९ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडण्याचा हक्क मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत घाऊक भाव दोन मोठ्या निर्मिती कंपन्यांच्या हाती राहिला, आणि २००१ मध्ये त्या बाजाराची रचनाच बदलावी लागली. पुरवठादार न बदलणारे, बहुधा वृद्ध आणि कमी उत्पन्नाचे ग्राहक सर्वांत महाग दर भरत राहिले, म्हणून जानेवारी २०१९ पासून सरकारला दरावर मर्यादा घालावी लागली. पुढे २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा जवळपास ३० पुरवठादार कोसळले, आणि त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे सामावून घेण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलांत आला. यावरून स्पर्धा नको असे मी म्हणत नाही. पण तारा नाहीत, केंद्र नाही आणि पुरेसे भांडवलही नाही अशा कंपनीला परवाना देताना तिची आर्थिक ताकद तपासली नाही, तर तिचा धोका अखेर ग्राहकावर येतो, हे आपल्या आयोगांनी आधीच समजून घेतले पाहिजे.

कॅलिफोर्नियाचा धडा उलट बाजूचा आहे. तिथे १९९८ मध्ये घाऊक बाजार खुला केला आणि किरकोळ दर मात्र गोठवून ठेवले. २००० च्या उन्हाळ्यात घाऊक भाव उसळले, वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकत राहिल्या, आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांतली सर्वांत मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या बाजारातील गैरव्यवहारांत नाव आलेली एन्रॉन आपल्याला दाभोळमुळे आधीच माहीत होती. दाभोळचा करार हा बाजारही नव्हता, हे इथे नोंदवायला हवे. स्पर्धात्मक बोलीविना, परकी चलनाशी आणि नाफ्थ्याच्या भावाशी जोडलेला, वीज घेतली नाही तरी पैसे मोजायला लावणारा तो करार होता. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबवली. खाजगी कंपनी आली म्हणजे बाजार आला, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने तेव्हा मोजली आहे, आणि आजही चर्चेत खाजगीकरण आणि बाजार या दोन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात.

देशातले दोन दाखलेही पाहावेत. ओडिशाने १९९६ मध्ये सर्वांत आधी मंडळ मोडले आणि १९९९ मध्ये वितरण खाजगी हाती दिले. एक कंपनी २००१ मध्येच निघून गेली, उरलेल्या तिन्ही विभागांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले, आणि चारही विभाग २०२०-२१ मध्ये नव्या मालकाकडे गेले. दिल्लीत २००२ मध्ये खाजगीकरण झाल्यावर गळती ५० टक्क्यांच्या वरून १० टक्क्यांच्या खाली आली, ही फार मोठी कामगिरी आहे. पण दरवाढ लांबवत नेल्यामुळे तिथल्या तीन कंपन्यांची दरात धरायची राहिलेली, पुढे ग्राहकांकडूनच वसूल व्हायची रक्कम २७ हजार कोटी रुपयांवर पोहोचली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्यवस्थापन सुधारले तरी दर ठरवणारा हात मोकळा नसेल तर ते ओझे पुढच्या पिढीच्या बिलात जाते.

उत्तर : लाइनवरचा_माणूस

मी वितरणात काम करतो, म्हणून एकच मुद्दा मांडतो. आजच्या कायद्यात कलम १४ नुसार दुसऱ्या परवानाधारकाला त्याच भागात यायचे असेल तर स्वतःचे जाळे उभारावे लागते. मुंबईत २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टाटा कंपनीला घरगुती ग्राहक घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा काही ग्राहक जुन्याच तारांवरून नव्या कंपनीची वीज घेऊ लागले आणि काहींसाठी वेगळ्या तारा टाकल्या गेल्या. एकाच गल्लीत दोन केबल टाकायच्या की नाहीत यावर तिथे वर्षानुवर्षे खटले चालले. नव्या मसुद्यात तारा सामायिक ठेवायच्या आहेत, म्हणजे खोदकाम वाचेल, हे चांगलेच आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर रात्री दोन वाजता रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळते, तेव्हा ज्याने बिल दिले त्याच्या कंपनीचा माणूस येणार की ज्याच्या तारा आहेत त्याचा? तेल गळलेले रोहित्र उतरवून नवे चढवायला माणसे, क्रेन आणि तयार साठा लागतो, आणि तो वर्षभर सांभाळण्याचा खर्च शांत महिन्यांतही होत असतो. वहन आकारात हा खर्च पुरेसा धरला नाही तर तारांची कंपनी तोच पहिला वाचवेल.

४ जानेवारी २०२३ रोजी आम्ही समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेलो होतो, तेव्हा हा फक्त नोकऱ्यांचा प्रश्न आहे असे अनेकांना वाटले. नोकऱ्यांची काळजी आहेच. त्याबरोबर हेही खरे आहे की नवी कंपनी आधी रामदासपेठ आणि धरमपेठेतले महिन्याला ३०० युनिटांवरचे ग्राहक उचलेल, कारण मलई तिथे आहे, आणि वस्त्यांमधले १०० युनिटांच्या आतले ग्राहक सरकारी कंपनीकडे राहतील. प्रत्येक मागणाऱ्याला जोडणी देण्याचे बंधन कलम ४३ मध्ये आहे. ते बंधन सर्व कंपन्यांवर सारखेच राहिले पाहिजे.

मानेवाडा_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. लाइनवरच्या भाऊंचा मुद्दा सभेत नक्की मांडतो. एक प्रश्न राहिला. आमच्या अनेक सभासदांची शेती काटोल-नरखेड भागात आहे. क्रॉस सबसिडी संपली तर शेतीपंपांचे काय होणार?

उत्तर : निवृत्त_भारप्रेषण

क्रॉस सबसिडी संपणे आणि शेतकऱ्याची सवलत संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्युत कायद्याचे कलम ६५ सांगते की राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर त्या सवलतीची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देण्याची जी योजना राज्याने आणली, तिचा भार याच मार्गाने तिजोरीवर यायला हवा, म्हणजे विधिमंडळात त्यावर दरवर्षी उघड चर्चा होईल. आज त्याचा काही भाग तिजोरीतून जातो आणि काही भाग हिंगण्याच्या कारखानदाराच्या दरात दडलेला असतो. हिंगण्याच्या साहेबांची तक्रार आणि काटोलच्या शेतकऱ्याची भीती या दोन्हींचे उत्तर त्यामुळे एकाच जागी सापडते.

मात्र त्यासाठी पंपाला नेमकी किती वीज लागते हे मोजलेले असावे लागते. राज्यातील फार मोठ्या संख्येने पंप आजही विनामीटर आहेत आणि त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. हा अंदाज वाढला की चोरी आणि गळतीही त्यात झाकली जाते. शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे करून ते सौर प्रकल्पांवर चालवण्याचे काम राज्यात सुरू आहे. ते पुरते झाले तर दोन लाभ होतील: शेतकऱ्याला रात्री साप-विंचवाच्या भीतीने पंपावर जावे लागणार नाही, आणि फीडरवरच्या मीटरने एकूण वापर तरी खरा कळेल. माझे मत असे आहे की पुरवठादार निवडण्याची मुभा नागपूर शहरात देण्याआधी ही मोजणी आणि सवलतीचा रोख भरणा या दोन गोष्टी पूर्ण कराव्यात. अन्यथा मोठे ग्राहक निघून गेल्यावर शेतीच्या सवलतीचा उरलेला भार १०० ते ३०० युनिटांच्या टप्प्यातल्या घरांवर येईल, आणि आपल्या संस्थेतली बहुतेक घरे त्याच टप्प्यात असणार. या मसुद्यावर पुढे कुठेही म्हणणे मांडायचे असेल तर सामायिक जाळ्याच्या कलमावर लिहिताना जुन्या वीजखरेदी करारांची वाटणी कशी होणार आणि कलम ६५ ची रक्कम वेळेवर न आल्यास काय होणार, या दोन बाबींचे स्पष्ट उत्तर अवश्य मागावे.